वीस रुपयांच्या पलीकडे: ऑनलाइन ब्रोकरची फी नेमकी कशी ताडून पाहायची

‘डिलिव्हरीवर शून्य ब्रोकरेज’, ‘खातं उघडणं मोफत’, ‘कोणतीही ऑर्डर फक्त २० रुपयांत’. स्वस्त म्हणवणाऱ्या ऑनलाइन ब्रोकरच्या जाहिराती साधारण एवढ्यावर आटोपतात, आणि ही वाक्यं सहसा खोटी नसतात. पण त्यांच्या जोरावर दोन ॲप्सची तुलना करायला बसलात तर हाती फारसं काही लागणार नाही. जाहिरातीत असतो तो दर. आपल्या खात्यातून जातो तो खर्च. दर ब्रोकर ठरवतो. खर्च मात्र तुम्ही वर्षभरात किती ऑर्डर टाकता, केवढ्या रकमेच्या आणि कशाच्या टाकता, यावर ठरतो. म्हणून ऑफिसातल्या मित्राला जे ॲप स्वस्त पडतं, तेच तुम्हाला महागात जाऊ शकतं, आणि दोघांचंही म्हणणं बरोबर असू शकतं.

हिशेबाला सुरुवात करायची तर ॲपच्या ‘प्राइसिंग’ पानापेक्षा कॉन्ट्रॅक्ट नोट बरी. व्यवहार झाला की २४ तासांच्या आत ब्रोकर ती ई-मेलवर पाठवतो, आणि बहुतेक जण ती न उघडता सोडून देतात. पासवर्ड म्हणून पॅन नंबर टाकून एकदा उघडून बघाच.

समजा तुम्ही एका कंपनीचे १०,००० रुपयांचे शेअर डिलिव्हरीत घेतले, म्हणजे त्याच दिवशी न विकता डीमॅट खात्यात ठेवले. काही महिन्यांनी ते ११,००० रुपयांना विकले. ब्रोकर ‘अ’ डिलिव्हरीला ब्रोकरेज घेत नाही. तरी खर्च होतोच. सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, म्हणजे एसटीटी, खरेदीवर आणि विक्रीवर ०.१ टक्के: १० अधिक ११, झाले २१ रुपये. खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क: दीड रुपया. एक्स्चेंजचं व्यवहार शुल्क, एनएसईने ऑक्टोबर २०२४ मध्ये लावलेल्या लाखामागे २ रुपये ९७ पैसे या दराने, दोन्ही बाजू मिळून ६२ पैसे. सेबीचं शुल्क कोटीमागे १० रुपये, म्हणजे इथे दोन पैसे. या शेवटच्या दोन रकमांवर १८ टक्के जीएसटी: १२ पैसे. आणि विक्रीच्या दिवशी डीपी शुल्क, म्हणजे डीमॅट खात्यातून शेअर बाहेर काढण्याचं शुल्क, जीएसटी धरून १५ रुपये ३४ पैसे. बेरीज ३८ रुपये ६० पैसे. (प्रत्यक्षात एसटीटी आणि मुद्रांक शुल्क पूर्ण रुपयांत धरतात, त्यामुळे थोडा इकडेतिकडे फरक पडतो.)

ब्रोकर ‘ब’ डिलिव्हरीवर ०.१ टक्के किंवा २० रुपये, यांतलं जे कमी ते घेतो. त्याच्याकडे वरचं सगळं तसंच राहील. त्यात खरेदीचे १० आणि विक्रीचे ११ असे २१ रुपये ब्रोकरेज आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे २४ रुपये ७८ पैसे वाढतील. एकूण ६३ रुपये ३८ पैसे.

इथपर्यंत ‘अ’ सरळ जिंकतो. पण ‘अ’कडेही जे ३८ रुपये गेले, त्यांतले निम्म्याहून जास्त एसटीटीचे आहेत. एसटीटी, मुद्रांक शुल्क, सेबीचं शुल्क आणि जीएसटीचा दर हे कोणत्याही ब्रोकरकडे बदलत नाहीत. तुलना करताना ते बाजूला ठेवा. उरतात ब्रोकरेज, डीपी शुल्क आणि खात्याचं वार्षिक शुल्क, आणि खरी गंमत या तिसऱ्यात आहे.

फुकट खरेदी, पण खात्याचं भाडं

डीमॅट खातं सांभाळण्याबद्दल वर्षाला जे शुल्क लागतं त्याला एएमसी म्हणतात. (म्युच्युअल फंड कंपनीलाही एएमसीच म्हणतात, गोंधळू नका.) ‘अ’चं एएमसी ३०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५४ रुपये धरू. ‘ब’ एएमसी घेत नाही.

आता महिन्याला ५,००० रुपयांचे शेअर घेणारा आणि विकायची घाई नसलेला माणूस बघू. ‘ब’कडे त्याला प्रत्येक खरेदीला ५ रुपये ब्रोकरेज आणि ९० पैसे जीएसटी पडेल. बारा महिन्यांचे ७० रुपये ८० पैसे. ‘अ’कडे ब्रोकरेज शून्य, पण खात्याचे ३५४ रुपये. ‘शून्य ब्रोकरेज’वालाच पाचपट महाग! रक्कम वाढवून महिन्याला ५०,००० केली तरी ‘ब’चं ब्रोकरेज २० रुपयांवर अडतं, जीएसटीसह २३ रुपये ६० पैसे, वर्षाचे २८३ रुपये २० पैसे. अजूनही ‘ब’च स्वस्त. २० रुपयांवर अडणाऱ्या मोठ्या ऑर्डर वर्षाला पंधरा झाल्या की दोघांची बरोबरी होते. ५,००० च्या ऑर्डर असतील तर त्यासाठी साठ लागतील. त्यापुढे ‘अ’ फायद्याचा.

या हिशेबाला एक मोठी कलाटणी आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. सेबीने ‘बेसिक सर्व्हिसेस डीमॅट अकाउंट’, बोलीभाषेत बीएसडीए, नावाची सोय ठेवली आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून तिची मर्यादा वाढली. खात्यातल्या गुंतवणुकीचं मूल्य ४ लाख रुपयांपर्यंत असेल तर एएमसी शून्य, ४ ते १० लाखांच्या दरम्यान वर्षाला फार तर १०० रुपये. अट एकच, पण कडक: एकटे किंवा पहिले खातेदार म्हणून तुमच्या नावावर सगळ्या डिपॉझिटऱ्या (डीमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या संस्था) मिळून एकच डीमॅट खातं हवं.

म्हणजे वरच्या महिना ५,००० वाल्याचं खातं बीएसडीए असेल तर ‘अ’चे ३५४ रुपये शून्यावर येतात आणि सगळं गणित उलटं होतं. आणि दुसरी बाजू अशी की कोणीतरी ‘रेफरल’ची लिंक पाठवली, खातं उघडणं मोफत होतं, म्हणून आणखी एक डीमॅट खातं उघडलं, की पहिल्या खात्याची बीएसडीए सवलत जाते. मोफत उघडलेल्या खात्याची किंमत अशी जुन्या खात्यावर निघते. आयपीओमध्ये नशीब आजमावायला तीन-तीन ॲप्सवर खाती उघडणाऱ्यांनी (पॅन एकच असल्याने त्याचा तसाही उपयोग नसतो) आपल्या लेजरमधल्या, म्हणजे खात्याच्या जमाखर्चातल्या, एएमसीच्या नोंदी एकदा मोजून पाहाव्यात.

शून्याचे पैसे कोण देतं?

भारतात ऑर्डरमागे ठरावीक २० रुपयांची पद्धत रुळली ती बंगळुरूच्या झेरोधामुळे. कंपनी २०१० मध्ये सुरू झाली. त्याआधी ब्रोकर टक्केवारीने पैसे घेत. डिलिव्हरीला अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे लाखाच्या खरेदीला पाचशे रुपये. डिसेंबर २०१५ मध्ये झेरोधाने डिलिव्हरीचं ब्रोकरेज शून्यावर आणलं आणि बाकीच्यांनाही त्या दिशेने यावं लागलं.

हे परवडतं कसं? एक उत्तर उघड आहे: इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) आणि फ्युचर्स-ऑप्शन्स (शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे) करणाऱ्यांच्या ऑर्डरींवर. दुसरं उत्तर २०२४ पर्यंत सहज दिसत नव्हतं. एक्स्चेंज ब्रोकरला उलाढालीच्या टप्प्यांप्रमाणे शुल्क लावत असे. उलाढाल जेवढी मोठी तेवढा दर कमी. ब्रोकर ग्राहकाकडून घेई वरच्या टप्प्याच्या दराने आणि महिन्याअखेरी एक्स्चेंजला भरे खालच्या दराने. मधला फरक ब्रोकरचा. कॉन्ट्रॅक्ट नोटवर लिहिलेलं ‘एक्स्चेंज शुल्क’ पूर्णपणे एक्स्चेंजला जातच नव्हतं. सेबीने १ जुलै २०२४ च्या परिपत्रकाने हे बंद केलं: ग्राहकाकडून जे ज्या नावाने घ्याल, तेवढंच त्या संस्थेला भरायचं. १ ऑक्टोबरपासून सर्वांसाठी एकच दर आला. झेरोधाच्या नितीन कामत यांनीच तेव्हा सांगितलं होतं की या फरकातून कंपनीला उत्पन्नाच्या सुमारे दहा टक्के मिळत असत.

परिणाम लगेच दिसला. एंजल वनने १ नोव्हेंबर २०२४ पासून डिलिव्हरीवर पुन्हा ब्रोकरेज सुरू केलं. यात गैर काही नाही. धंदा आहे, पैसे कुठून तरी यायला हवेत. पण यावरून एवढं लक्षात घ्यावं की ‘शून्य’ हा दर कायमचा नसतो. दर बदलल्याची सूचना ई-मेलने येते आणि ती जाहिरातींच्या ढिगात बेमालूम मिसळते. त्यामुळे जुन्या व्हिडिओतली किंवा तक्त्यातली तुलना ग्राह्य धरू नका. या लेखातले ‘अ’ आणि ‘ब’ही फक्त गणितापुरते आहेत, आजचे दर ब्रोकरच्या पानावरच पाहावेत.

छोट्या रकमांना जास्त टोचतं

डीपी शुल्क कसं लागतं ते नीट समजून घ्या, कारण इथे शिस्त पाळली तर पैसे थेट वाचतात. हे शुल्क फक्त विक्रीवर, आणि दर दिवशी दर कंपनीमागे एकदा लागतं. किती शेअर विकले याला महत्त्व नाही. एका कंपनीचे तीस शेअर एका दिवशी विकले तर १५ रुपये ३४ पैसे. तेच दहा-दहा करून तीन दिवस विकले तर ४६ रुपये २ पैसे. एका दिवसात पाच कंपन्या विकल्या तर पाच वेळा. लाखाच्या विक्रीत हे जाणवतही नाही. पण ‘एक-एक शेअर घेऊन शिकतो’ म्हणणाऱ्याने हजार रुपयांचा शेअर विकला, की दीड टक्का इथेच गेला. पहिली खातेदार महिला असेल तर सीडीएसएल ही डिपॉझिटरी प्रत्येक डेबिटमागे २५ पैसे सोडते. त्यावर बंगला बांधता येणार नाही, पण नोंद असावी.

असाच दुसरा सापळा किमान ब्रोकरेजचा. ‘०.१ टक्के किंवा २० रुपये’ या मोठ्या अक्षरांखाली ‘किमान ५ रुपये’ असं बारीक लिहिलेलं असू शकतं. मग ५०० रुपयांच्या ऑर्डरवर ५० पैशांऐवजी ५ रुपये आणि वर जीएसटी: १.१८ टक्के. सेबीची कमाल मर्यादा अडीच टक्क्यांची असल्याने अगदी चिल्लर ऑर्डरवर ब्रोकरला हात आवरावा लागतो, पण ५०० रुपयांची ऑर्डर त्या मर्यादेच्या आतच बसते. दर आठवड्याला ५०० चा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता येणारा फंड) घेण्यापेक्षा महिन्यातून एकदा २,००० चा घेतला तर ब्रोकरेज चौथाई होईल.

रोज खेळणाऱ्याचा हिशेब वेगळा

ऑप्शन्समध्ये ऑर्डरमागे २० रुपये म्हणजे जीएसटीसह २३ रुपये ६० पैसे. घेणं ही एक ऑर्डर, विकणं दुसरी. एका सौद्याला ४७ रुपये २० पैसे. दिवसाला पाच सौदे केले तर २३६ रुपये. महिन्याला वीस दिवस धरले तर ४,७२०, आणि वर्षाला ५६,६४०. एक लाखाच्या भांडवलावर हे करणाऱ्याला नुसतं ब्रोकरेज भरून निघायला ५६ टक्के कमवावे लागतील. यात एसटीटी आणि एक्स्चेंज शुल्क धरलेलंच नाही.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. याच काळात त्यांनी व्यवहार खर्चापोटी सुमारे ५०,००० कोटी रुपये मोजले, आणि त्यातला निम्मा, ५१ टक्के, वाटा ब्रोकरेजचा होता. एका ऑर्डरला २० रुपये हा दर कमी आहे, हे खरंच. त्या कमी दरामुळेच हात सैल सुटतो, असं माझं मत आहे. ज्याला दिवसाला वीस ऑर्डर टाकायच्या आहेत त्याने २० ऐवजी १५ रुपये घेणारा ब्रोकर जरूर शोधावा. पण दहा ऑर्डर कमी टाकल्या तर बचत त्याहून मोठी होईल.

म्युच्युअल फंडात फी दिसतच नाही

शेअरची फी पैशापैशाने तपासणारी मंडळी म्युच्युअल फंडाकडे डोळे झाकून जातात, कारण तिथे कॉन्ट्रॅक्ट नोट नसते. ५,००० ची एसआयपी गेली की स्टेटमेंटमध्ये ४,९९९ रुपये ७५ पैसे गुंतवलेले दिसतात. मधले २५ पैसे ०.००५ टक्के मुद्रांक शुल्काचे. एवढीच काय ती उघड वजावट. खरी फी, म्हणजे एक्स्पेन्स रेशो, रोजच्या एनएव्हीमधून, म्हणजे युनिटच्या भावातून, थोडी थोडी आधीच वळती झालेली असते. तुम्हाला दिसते ती वजा होऊन उरलेली एनएव्ही.

१ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचे दोन प्लॅन असतात: रेग्युलर आणि डायरेक्ट. योजना तीच, फंड मॅनेजर तोच, शेअरही तेच. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन एक्स्पेन्स रेशोत मिसळलेलं असतं, डायरेक्टमध्ये नसतं. सक्रिय इक्विटी फंडांत हा फरक अर्ध्या टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत, कधी त्याहून जास्तही असतो.

एक टक्का म्हणजे किती? महिन्याला १०,००० रुपये, वीस वर्षं. परतावा १२ टक्के धरला तर सुमारे ९९ लाख ९० हजार. एक टक्का फीत गेला आणि ११ टक्के हाती आले तर सुमारे ८७ लाख ३५ हजार. हा परतावा मिळेलच असं नाही, पण फरक बघा: साडेबारा लाख. आता याच्या शेजारी ‘ब’चं ब्रोकरेज ठेवा. महिन्याला एक मोठी ऑर्डर, वीस वर्षांत २४० ऑर्डर, दर ऑर्डरला २३ रुपये ६० पैसे: ५,६६४ रुपये. इतकी वर्षं आपण वाद घालतो तो या साडेपाच हजारांवर.

याचा अर्थ वितरक नकोच असा नाही. बाजार पडल्यावर एसआयपी बंद करू पाहणाऱ्याला फोन करून थांबवणारा माणूस त्या एक टक्क्याचं मोल देऊ शकतो. पण जिथे सल्ला मिळतच नाही, फक्त बटण दाबायला मिळतं, तिथे रेग्युलर प्लॅन असेल तर ते ‘मोफत’ ॲप तुमच्याकडचं सगळ्यात महाग ॲप आहे. योजनेच्या नावात ‘डायरेक्ट’ हा शब्द आहे का, एवढं पाहिलं तरी कळतं. बँकेच्या ॲपमधून सुरू केलेल्या एसआयपी तर आधी तपासा. फंड कंपन्या सहामाही एकत्रित स्टेटमेंट पाठवतात, त्यात तुमच्या गुंतवणुकीवर वितरकाला रुपयांत किती कमिशन दिलं तेही छापलेलं असतं. डायरेक्ट प्लॅन फंड कंपनीच्या साइटवर किंवा एमएफ सेंट्रल या सगळ्या फंडांच्या सामायिक साइटवर वेगळ्या शुल्काशिवाय घेता येतो. काही ॲप्स फंडाची युनिट्स डीमॅटमध्ये ठेवतात. तिथे युनिट विकताना डीपी शुल्क लागतं का, ते आधी विचारा.

किरकोळ वाटणारे आणि नसणारे

फोनवरून ऑर्डर दिली तर वेगळे पैसे. इंट्राडे सौदा स्वतः बंद केला नाही आणि ब्रोकरने केला तर त्याचे वेगळे; दोन्हींचा दर अनेक ठिकाणी ५० रुपये अधिक जीएसटी आहे. नेट बँकिंगने पैसे भरले तर काही ठिकाणी गेटवेचं शुल्क लागतं, यूपीआयने सहसा नाही. या गोष्टी टाळता येतात, म्हणून मी त्यांना फार वजन देत नाही.

व्याजाचं तसं नाही. एमटीएफ, म्हणजे ब्रोकरकडून उसने पैसे घेऊन शेअर घेण्याची सोय, ॲपवर खरेदीच्या बटणाशेजारीच असते. दर ‘रोज ०.०४ टक्के’ असा लिहितात. लाखावर दिवसाला ४० रुपये, वर्षाला १४.६ टक्के. काही ठिकाणी त्याहून बराच जास्त. शिवाय शेअर तारण ठेवण्याचं आणि सोडवण्याचं शुल्क. एमटीएफ वापरणाऱ्याने ब्रोकरेज सोडून फक्त व्याजाचा दर ताडला तरी चालेल.

डिजिटल सोनं विकणारी ॲप्स फी घेत नाहीत असं म्हणतात, पण खरेदीवर ३ टक्के जीएसटी असतो आणि खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर वेगळं. शिवाय ते सेबीच्या कक्षेत येत नाही, असं सेबीनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये निवेदन काढून सांगितलं आहे.

प्रत्यक्ष तुलना करायला अर्धा तास पुरतो. सध्याच्या ॲपमधून मागच्या आर्थिक वर्षाचं लेजर आणि टॅक्स पी अँड एल (करासाठीचा नफा-तोट्याचा अहवाल) उतरवून घ्या. त्यात ‘चार्जेस’ नावाचा भाग असतो. एसटीटी, मुद्रांक शुल्क वगैरे वगळा. उरलेल्या ब्रोकरेज, डीपी, एएमसी आणि व्याजाची बेरीज करा. मग त्याच ऑर्डर दुसऱ्या ब्रोकरच्या दराने पुन्हा मांडा. वर्षाला दोन-तीनशे रुपयांचा फरक निघाला तर ॲप बंद न पडणं आणि तक्रारीला माणूस भेटणं याला मी जास्त किंमत देईन.

बदलायचंच ठरलं तर नव्या खात्यात सगळे शेअर हलवून जुनं डीमॅट बंद करा. खातेदार तेच असतील तर खातं बंद करताना होणाऱ्या या हस्तांतरावर डीपीला शुल्क लावता येत नाही, आणि वर्षाचं किंवा सहामाहीचं एएमसी आगाऊ घेतलं असेल तर उरलेल्या तिमाह्यांचे पैसे परत मिळतात. शेअर आधी विकून नव्या ठिकाणी पुन्हा घेऊ नका. एसटीटी दोनदा जाईल आणि नफ्यावर करही लागेल. हस्तांतरापूर्वी जुन्या ॲपमधून खरेदीच्या तारखा आणि भाव उतरवून ठेवा, कारण नव्या ॲपमध्ये ते आपोआप येत नाहीत, हाताने भरावे लागतात.